व्हिक्टोरिया क्रॉसवाला आमच्या आजीचा नक्की कोण? (मदत हवी)

माहेरवाट
आईच्या आईच्या माहेरी एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. "इटलीच्या लढाईत ज्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तो आपल्यातला." (व्हिक्टोरिया क्रॉस म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक.) आपल्यातला म्हणजे कोण, असं विचारलं की गाडी अडते. थोरले मामा म्हणतात आजीचा चुलत चुलता. धाकटी मावशी म्हणते, छे, आजीच्या आत्याचा नवरा. तिसऱ्या एका नातेवाइकांच्या मते तर तो परत आला आणि गावात त्याची मिरवणूक निघाली. मामा म्हणतात तो गेला तो गेलाच, अस्थीसुद्धा आल्या नाहीत.

आजीचं माहेर खेड तालुक्यातलं, रत्नागिरी जिल्हा. फौजेत जायची रीत घरात जुनी. आजी आता नाही. हातात आहे तो फक्त एक फोटो: गुडघ्यापर्यंत पट्ट्या गुंडाळलेला एक पोरसवदा शिपाई, मागे स्टुडिओचा रंगवलेला पडदा. फोटोच्या पाठीवर पेन्सिलीने "३/५" आणि खाली पुसट अक्षरं. तीन मेला काढलेला फोटो असणार असं मामा म्हणतात.

हे नातं खरंच आहे का, आणि असेल तर किती लांबचं, हे शोधायला सुरुवात कुठून करू? इथे जुन्या कागदपत्रांतले जाणकार आहेत म्हणून विचारतेय.

करवंद
वाचतेय. आमच्याकडे पण पानिपतावर पडलेला एक आहे. कुणाकडे नसतो म्हणा!

जुना_फौजी
माहेरवाट, ती तारीख नाही. ३/५ म्हणजे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन. १९२२च्या फेररचनेत सगळ्या जुन्या मराठा पलटणी पाचव्या क्रमांकाखाली आल्या. १०३वी झाली १/५, १०५वी २/५, ११०वी ३/५, ११६वी ४/५, ११७वी ५/५. म्हणून कुणाच्या घरी "आजोबा एकशेदहाव्या पलटणीत आणि बाबा तीन पाचमध्ये" असं सांगत असतील तर ती एकच पलटण आहे. शोधताना लोक इथेच चुकतात आणि दोन वेगवेगळ्या रेजिमेंट धुंडाळत बसतात.

आता व्हिक्टोरिया क्रॉसचं. दुसऱ्या महायुद्धात इटलीत मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या दोघांना तो मिळाला.

नाईक यशवंत घाडगे, ३/५, पळसगाव, माणगाव तालुका, तेव्हाचा कुलाबा जिल्हा. १० जुलै १९४४, टायबर नदीचं वरचं खोरं. मशीनगनच्या माऱ्यात त्यांचा सगळा सेक्शन गारद झाला. एकटे धावून गेले, ग्रेनेड टाकून गन बंद पाडली, एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा आपलीच टॉमीगन नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने लोळवलं. लपलेल्या नेमबाजांनी त्यांना तिथेच टिपलं. वय बावीस. देह सापडला नाही, नाव इटलीतल्या कॅसिनो गावच्या स्मारकावर आहे. २०२३ साली इटलीत मोंतोने गावी त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभं राहिलं.

शिपाई नामदेव जाधव, १/५, नगर जिल्ह्यातल्या निमजचे. ९ एप्रिल १९४५, सेनिओ नदी. दोन जखमींना खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे आणलं, मग एकट्याने तीन मशीनगन ठाणी मोडली. हात जखमी झाला तरी थांबले नाहीत, बांधावर उभं राहून शिवाजी महाराजांचा जयजयकार केला. ते जिवंत परतले, १९८४मध्ये वारले.

तुमच्या घरातल्या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. एक परत न आलेल्याची, एक मिरवणुकीची. माझ्या अंदाजाने दोन शूरांच्या बातम्या आणि तुमचा स्वतःचा एक माणूस, अशी तीन माणसं एका गोष्टीत शिरली आहेत. त्यामुळे घाडगे-जाधव तूर्त बाजूला ठेवा आणि फोटोतल्या पोराचं नाव काढा.

बेरीजवजाबाकी
थोडं थंड पाणी ओततो. दहा पिढ्या मागे जा, प्रत्येकाला १०२४ पूर्वज लागतात (काही एकच माणूस दोनदा येतो, ते सोडा). पानिपत १७६१चं, म्हणजे साधारण नऊ-दहा पिढ्या. त्या हजारांत एखादा तरी युद्धावर गेलेला असणारच. नातं *असणं* ही फार मोठी गोष्ट नाही, ते *दाखवता येणं* ही आहे.

डीएनए चाचणी करा असं कुणीतरी म्हणेलच म्हणून आधीच सांगतो. खापरपणजोबा एकच असलेल्या भावंडांपर्यंत ती बऱ्यापैकी चालते. त्याच्या एक पिढी पलीकडे गेलात की निम्म्याच्या आसपास खऱ्या नातेवाइकांचासुद्धा मेळ दिसत नाही. शिवाय समोरच्यानेही चाचणी केलेली हवी. आपल्याकडे केलेले किती? पैसे वाचवा.

मोडीमोड
जुना_फौजी यांच्याशी सहमत. प्रसिद्ध माणसाकडून खाली उतरायला लागलं की पाय हमखास घसरतो, कारण आडनाव जुळलं की मन पुढचं सगळं जुळवून टाकतं. आपल्यापासून वर चढा.

माहेरवाट, तुमच्यासाठी कागद या क्रमाने:

आधी जमिनीचे जुने फेरफार, म्हणजे गाव नमुना सहा. माणूस मयत झाला की वारसांची नोंद होते: "अमुक मयत, वारस मुलगे अमुक, तमुक, विधवा अमुक." वंशावळीला यापेक्षा भक्कम पुरावा क्वचितच मिळतो, कारण जमिनीच्या वाटणीत कुणी कुणाला फुकटचा भाऊ करून घेत नाही. सातबाऱ्यावरचे फेरफार क्रमांक धरून एकेक मागे जायचं.

मग गाव नमुना चौदा, ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात. गावातले जन्म-मृत्यू त्यात कोतवालाने लिहिलेले असतात, जुनी पानं मोडीत. पूर्वी तहसीलच्या अभिलेख कक्षात तासन्‌तास बसावं लागे. २०२३मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा अशा नोंदी मोठ्या प्रमाणावर तपासल्या गेल्या आणि बऱ्याच जिल्ह्यांनी सापडलेल्या नोंदी आपल्या संकेतस्थळांवर टाकल्या. आरक्षणासाठी झालेलं काम, पण वंशावळ शोधणाऱ्यांचं आयतंच भलं झालं. मोडी वाचणाऱ्यांना इतकी मागणी मी आयुष्यात पाहिली नव्हती.

तिसरं, त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या. गाव आणि आडनाव सांगितलं की ते तुमच्या घराण्याचं पान काढतात. घरातलं कुणी श्राद्धाला गेलं असेल तर त्याने बापाचं, आजोबाचं, भावांचं नाव लिहून दिलेलं असतं, सही किंवा अंगठ्यासकट. घाटावर कोल्हापूर-सांगलीकडे वंशावळी सांगणारे हेळवी असतात, त्यांच्याकडेही कुळी मिळते, पण खेडसाठी त्यांचा उपयोग नाही.

एक अडचण आधीच सांगतो. तुमचं नातं आजीच्या माहेराकडून आहे. या सगळ्या कागदांत बायका लग्नानंतर जणू अदृश्य होतात. "आत्याचा नवरा" हे मावशींचं म्हणणं खरं असेल तर तो माणूस तुमच्या भावकीच्या एकाही फेरफारात येणार नाही. त्याचं गाव वेगळं.

तांबडीमाती
धागा आवडला, वाचनखूण साठवली. आमचे खापरपणजोबा एकशे सतराव्या मराठा पलटणीत होते, पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातल्या (आजच्या इराकमधल्या) कुत-अल-अमाराच्या तुर्की वेढ्यात. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी अडकल्या होत्या. शरणागतीनंतर शिपायांना वाळवंटातून चालवत नेलं, कित्येकांना रास-अल-ऐनला रेल्वेच्या कामाला जुंपलं. हे आम्हाला घरात कुणी सांगितलं नव्हतं. आम्हाला कळलं ते पदकावरून. पहिल्या महायुद्धाच्या रुपेरी पदकाच्या *कडेवर* नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. पदक देव्हाऱ्यात कुंकू लागून काळं पडलं होतं. धाकट्या भावाने भिंगाखाली कड फिरवली आणि "११७" दिसलं. घरात पदक असेल तर ते घासूनपुसून लखलखीत करू नका, आधी कड वाचा. तेच पदक ब्राँझचं असेल तर माणूस मजूर किंवा इतर बिगरलढाऊ तुकडीत असण्याची शक्यता मोठी.

बसऱ्याच्या स्मारकाची गोष्ट मात्र मनाला लागते. चाळीस हजारांहून अधिक जणांचं स्मारक, पण भारतीय शिपायांची नावं भिंतीवर कोरलीच नव्हती. अधिकाऱ्यांची नावं, आणि खाली पलटणीगणिक शिपायांचा नुसता आकडा. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने (युद्धात पडलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणारी संस्था) २०२१मध्ये या भेदभावाबद्दल माफी मागितली. तेव्हा मेसोपोटेमियात गेलेला माणूस भिंतीच्या फोटोत सापडला नाही म्हणून शोध सोडू नका, नोंदवहीत पाहा.

रोखठोक
मला एक कळत नाही, इंग्रजांच्या पगारावर लढलेल्यांशी नातं जोडायची एवढी हौस कशाला? शोधायचेच तर आझाद हिंद फौजेतले शोधा.

जुना_फौजी
रोखठोक, ती फौज आली कुठून? फेब्रुवारी १९४२मध्ये सिंगापूर पडलं, तिथे जपान्यांच्या हाती लागलेल्या याच पगारी शिपायांतून तिची सुरुवात झाली. आझाद हिंद फौजेतले मोठे अधिकारी जगन्नाथराव भोसले सावंतवाडीजवळच्या तिरोड्याचे, आधी ब्रिटिश हिंदी सैन्यातच होते, पुढे स्वतंत्र भारतात केंद्रात उपमंत्री झाले. एकाच घरातला थोरला इटलीत आणि धाकटा नेताजींबरोबर, असंही असू शकतं. दोघेही कुणाचे तरी चुलत आजोबा असतात. आझाद हिंद फौजेच्या पुष्कळ फायली राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर मिळतात, ज्यांना तिकडे जायचं त्यांनी जरूर जा.

भीमाकाठ
आडनावांबद्दल एक भर घालतो. आमच्यासारख्या महार घरांत शोध आडनावावरून सुरूच करता येत नाही. कोरेगावच्या जयस्तंभावरची नावं पाहा, पुष्कळांच्या शेवटी "नाक", आडनाव नाहीच. पुढे कुणी गावावरून लावलं, कुणी कुळावरून, कुणी शाळेत मास्तरांनी लिहिलं ते. खुद्द बाबासाहेबांच्या घरी वडील सुभेदार रामजी सकपाळ, आणि मुलाचं नाव शाळेत गावावरून, मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्यावरून लागलेलं.

दुसरं म्हणजे १८९०च्या दशकात महारांची सैन्यभरतीच बंद झाली. १९१७मध्ये १११वी महार पलटण उभी राहिली, ती काही वर्षांतच मोडली, आणि मग १९४१मध्ये बेळगावला महार रेजिमेंट. म्हणजे तीन पिढ्या फौजेत असलेल्या घराची नोंद मध्येच तुटते, आणि घरातले म्हणतात "आमचे कुणी नव्हतेच". होते. ज्या वर्षांत भरती उघडी होती, ती वर्षं धरून शोधा.

माहेरवाट
सगळ्यांचे मनापासून आभार. भीमाकाठ, तुमचा मुद्दा माझ्या एका मैत्रिणीला जसाच्या तसा पाठवला आहे.

मामांना ३/५चा अर्थ सांगितला, ते फोनवर क्षणभर गप्पच झाले. मग म्हणाले, "म्हणजे घाडग्यांच्याच पलटणीत." आता त्यांचा उत्साह माझ्यापेक्षा जास्त आहे. फोटो उन्हात तिरका धरून खालची अक्षरं वाचायचा प्रयत्न केला, नावाचा पहिला शब्द लागला. इथे लिहीत नाही, घरच्यांची परवानगी घेतलेली नाही.

कमिशनच्या संकेतस्थळावर ते नाव टाकलं तर काहीच आलं नाही. रोमन स्पेलिंगचा घोळ असेल का?

जुना_फौजी
नक्की तोच. भरतीच्या कारकुनाने जसं ऐकलं तसं लिहिलं. जाधवांचं स्पेलिंग तीन-चार तऱ्हांनी सापडतं, नामदेवरावांचं स्वतःचं नाव पुष्कळ ठिकाणी 'जादव' वाचलं जाईल असं छापलं आहे. पवारचं पोवार, सावंतमध्ये व की डब्ल्यू, घाडगे-घाटगे. म्हणून नाव टाकूच नका. रेजिमेंट निवडा, वर्षं १९४३ ते १९४५ द्या, देश इटली, आणि "अधिक माहिती"च्या रकान्यात नुसतं खेड किंवा रत्नागिरी रोमनमध्ये टाका. दुसऱ्या महायुद्धाच्या नोंदींत पुष्कळदा "अमक्याचा मुलगा, अमकीचा पती, गाव अमुक, तालुका तमुक" असं लिहिलेलं असतं. गावाच्या नावावरून आडवं शिरायचं.

कबर नाही म्हणून घाबरू नका. हिंदू-शीख सैनिकांचं दहन होई, त्यांची नावं दहनस्मारकांवर असतात, सांग्रो नदीजवळ आहे, फोर्लीला आहे. देह न सापडलेल्यांची कॅसिनोला.

करवंद
"आडवं शिरायचं" हे आवडलं. मी पण आमच्या पानिपतवाल्याला आडवी शिरते आता.

मोडीमोड
करवंद, पानिपताला कमिशन नाही हो. तिथे पेशवे दफ्तर, पुणे पुराभिलेखागार, आणि मोडी येणारा कुणीतरी चिकट माणूस. तरीही साध्या शिलेदाराचं नाव मिळणं दुर्मिळ. सरदारांच्या याद्या मिळतात, त्यांच्या मागे चालणाऱ्यांच्या नाही. घराण्याला त्या काळात इनाम मिळालं असेल तर इनाम कमिशनच्या कागदांत हकिकत सापडू शकते, कारण इंग्रजांनी प्रत्येक इनामदाराला "हे तुला कशाबद्दल मिळालं" असं विचारून कागद मागितले होते. पण ती हकिकत इनाम *वाचवायला* दिलेली आहे हे विसरू नका. पराक्रम थोडा फुगलेला असतोच.

माहेरवाट
सापडला.

गावाच्या नावावरून आडवं गेले तर एकच नोंद आली. ३री बटालियन, ५वी मराठा लाइट इन्फन्ट्री, शिपाई, जुलै १९४४, कॅसिनो स्मारक. बापाचं नाव दिलेलं आहे. मामांनी तलाठी कार्यालयातून जुने फेरफार आणले, त्यात तेच नाव आजीच्या आजोबांच्या सख्ख्या भावाचं. म्हणजे फोटोतला मुलगा आजीच्या वडिलांचा चुलतभाऊ. मामा बरोबर होते, चुलत चुलता. व्हिक्टोरिया क्रॉस त्याचा नाही, पण ज्या महिन्यात घाडगे पडले त्याच महिन्यात, त्याच पलटणीत, तोही गेला.

पण खरी गोष्ट पुढे आहे. नोंदीत "पती" असंही आहे, आणि पुढे एका बाईचं नाव. आमच्या घरात हे नाव कुणीच कधी ऐकलेलं नाही. त्याचं लग्न झालं होतं हेच कुणाला माहीत नव्हतं. बाप वारल्यानंतरच्या वारस फेरफारात धाकट्या भावाचं नाव आहे, या बाईचं नाही. मावशीला विचारलं तर ती बराच वेळ आठवत राहिली आणि म्हणाली, लहानपणी वरच्या आळीत एक म्हातारी काकू राहायची, तिला सगळे "फौजीण" म्हणत, ती नेमकी कुणाची हे मुलांना कुणी सांगितलं नाही.

मामांचं आता म्हणणं, ती पळसगावची असणार, म्हणून "व्हिक्टोरिया क्रॉसवाला आपल्यातला". मावशीची आत्याबित्या त्यातूनच आली असेल, असं.

मोडीमोड
अभिनंदन! आणि मामांना थांबवा. ती पळसगावची असण्याला सध्या आधार एवढाच, की तसं असेल तर गोष्ट छान जुळते. तिचं माहेर वेगळं शोधावं लागेल. आणि ते पळसगाव निघालं तरी घाडग्यांशी रक्ताचं नातं सिद्ध होत नाही, एका गावात अनेक कुळं असतात.

वारस फेरफारात तिचं नाव नाही याचा अर्थ ती तेव्हा नव्हती असा लगेच घेऊ नका. १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याआधीचा फेरफार असेल तर विधवा सुनेचं नाव सर्रास गाळलं जाई. साल कोणतं आहे?

माहेरवाट
१९५१.

बेरीजवजाबाकी
मग मावशींची आठवण आणि कागद एकमेकांना खोटं पाडत नाहीत. मी मघाशी थंड पाणी ओतलं होतं, पण हे प्रकरण जबरदस्त आहे.

रोखठोक
वाचतोय. त्या बाईंबद्दल पुढे काय कळलं ते नक्की लिहा.

जुना_फौजी
माहेरवाट, विधवेचा माग शिपायापेक्षा सोपा असतो, कारण तिला पेन्शन मिळत असे. कमिशनच्या नोंदीत सेवा क्रमांक असेल, तो सगळ्यात मोलाचा. तो क्रमांक, बटालियन, मृत्यूची तारीख आणि तिचं नाव लिहून दोन अर्ज करा. एक बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्री रेजिमेंटल सेंटरच्या अभिलेख कार्यालयाला, दुसरा रत्नागिरीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला. कुटुंब निवृत्तिवेतनाचा कागद उरला असेल तर त्यात तिचा पत्ता मिळतो, कधी साक्षीदारांची नावंही. साक्षीला माहेरचा भाऊ असण्याची शक्यता बरीच. फोटोच्या दोन्ही बाजू स्कॅन करून सोबत जोडा, मूळ फोटो कुणालाही पाठवू नका.

आणि मावशींना विचारा, फौजीण वारली तेव्हा कोण आलं होतं. दहाव्याला माहेरची माणसं येतातच.

माहेरवाट
दोन्ही अर्ज लिहायला घेतलेत. मावशी म्हणते, म्हसळ्याकडून कुणीतरी आले होते. मामा नाराज आहेत.